गाडी मालकाची, पण किती?

स्पोर्ट्स कारच्या मालकाने आपली गाडी कंपनीने दिली तशी मूळ रूपात ठेवावी, की हौसेप्रमाणे तीत बदल करावेत? अंबडसारख्या तालुक्याच्या गावातील एका विद्यार्थिनीने हा प्रश्न वार्षिकांकात का घ्यावा, असे काही वाचकांच्या मनात येईल. आपल्या बसस्टँडसमोर एस. टी., काळीपिवळी, ट्रॅक्टर आणि मोसंबीचे टेम्पो यांची गर्दी असते. तिथे फेरारी उभी राहिल्याचे मी तरी पाहिलेले नाही. मग ही उठाठेव कशाला?

उत्तर सोपे आहे. हा प्रश्न गाडीच्या किमतीचा नाहीच. एखादी वस्तू विकत घेतली म्हणजे तिच्यावरचा आपला हक्क कुठवर पोचतो, हा खरा प्रश्न आहे. आणि तो कोटी रुपयांच्या गाडीपुढे जसा उभा राहतो तसाच चौथ्या हाताने घेतलेल्या बुलेटपुढेही राहतो. माझे वडील गॅरेजमध्ये मिस्त्री आहेत. त्यामुळे हा वाद मी कुठे वाचण्याआधी घरी ताटावर बसून ऐकलेला आहे. मुलींनी गाड्यांवर लिहू नये असे कलम कोणत्याही मोटार कायद्यात नाही, तेव्हा प्रस्तावना पुरे.

सुरुवात अशा माणसापासून करू, ज्याला ओळखत नाही असे घर महाराष्ट्रात नसेल. एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे सचिन तेंडुलकरने कसोटीतील आपले २९ वे शतक काढले आणि सर डॉन ब्रॅडमन यांच्या शतकांच्या संख्येशी बरोबरी केली. त्याबद्दल त्याला फेरारी ३६० मॉडेना ही गाडी भेट मिळाली. त्याच वर्षी जुलैत इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीच्या वेळी मायकेल शूमाकरच्या हस्ते ती त्याला देण्यात आली. आठ सिलिंडरांचे ३.६ लिटरचे इंजिन, सुमारे ४०० अश्वशक्ती, अॅल्युमिनियमचा सांगाडा. ही गाडी भारतात आणताना तिच्यावरच्या सीमाशुल्काचा वाद २००३ साली देशभर गाजला आणि शेवटी तो भार फियाट कंपनीने उचलला. पुढे २०११ साली सचिनने ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. २०१२ साली आलेल्या ‘फेरारी की सवारी’ या हिंदी चित्रपटाची कथा याच लाल गाडीभोवती फिरते.

आता याच सचिनच्या दुसऱ्या दोन गाड्या पाहा. त्याच्याकडे निस्सान जीटी-आर होती. तिला त्याने बाहेरून नवे बॉडी किट बसवून घेतले. त्याच्याकडे बीएमडब्ल्यू आय-८ होती. तिचे रूप २०१८ च्या सुमारास मुंबईच्या दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने पालटले. म्हणजे एकाच माणसाने एक गाडी भेट मिळाली तशी बाळगली आणि दोन गाड्या आपल्या आवडीप्रमाणे घडवून घेतल्या. जीटी-आर बदलली म्हणून देशात कुणी हळहळले नाही. फेरारी नुसती विकली तेव्हा मात्र, ‘अशी गाडी विकायची असते का?’ असे म्हणणारे लोक निघाले. तिचे बॉनेट कापून तिथे दुसरेच काही बसवले असते तर काय झाले असते, याची कल्पनाच करावी.

हा फरक कशातून येतो? किमतीतून नव्हे, तिन्ही गाड्या महागच. फरक असा की जीटी-आर आणि आय-८ या विकत घेतलेल्या वस्तू होत्या. फेरारी ही एका घटनेची साक्षीदार होती. साक्षीदाराचा जबाब आपण बदलत नाही. बदलला तर तो साक्षीदार राहत नाही. माझ्या सगळ्या म्हणण्याचे मूळ या एका गोष्टीत आहे. गाडीला पैसे मोजता येतात, तिच्या इतिहासाला मोजता येत नाहीत. म्हणून जिथे इतिहास जाण्याची भीती आहे तिथे मालकाने हात आवरावा. एरवी खुशाल बदल करावा, पण तो परत फिरवता येईल असा आणि दुसऱ्याच्या जिवावर न उठणारा असावा.

आता दोन्ही पक्षांचे म्हणणे नीट ऐकून घेऊ. मूळ रूपाच्या बाजूचे लोक म्हणतात, गाडी हे एक जुळवलेले शरीर आहे. आखणी करणाऱ्याने इंजिनाची ताकद, ब्रेकची पकड, स्प्रिंगचा ताठपणा, टायरची रुंदी आणि गाडीचे वजन यांचा एकमेकांशी मेळ घातलेला असतो. त्यातले एक हलवले की बाकीची हलतात. हे म्हणणे अगदी खरे आहे. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून स्प्रिंग कापून ती खाली बसवली की पहिल्याच गतिरोधकाला पोट घासते, आणि चाकाला वरखाली व्हायला जागा न उरल्यामुळे खड्ड्यावर गाडी रस्ता सोडते. मोठ्या घेराचे टायर घातले की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, पण काट्याला ते कळत नाही; तो ८० दाखवतो तेव्हा गाडी त्याहून जोरात असते. इंजिनाच्या संगणकात फेरफार करून ताकद वाढवली, पण ब्रेक जुनेच ठेवले, तर पळण्याची सोय झाली, थांबण्याची झाली नाही. कागदाच्या जाडीच्या पत्र्यावर भलामोठा पंख बसवणाऱ्यांविषयी तर आपल्या आजीबाईंनी कधीच सांगून ठेवले आहे : नाकापेक्षा मोती जड.

मूळ रूपाच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला मिस्त्रीची मुलगी म्हणून विशेष भावते. ज्या निस्सान जीटी-आरचा उल्लेख वर आला, तिचे इंजिन पट्ट्यावर सरकत जाऊन अनेक हातांनी तयार होत नसे. योकोहामाच्या कारखान्यात एकेक इंजिन एकेक निष्णात कारागीर आपल्या हाताने जुळवत असे. त्यांना तिथे ‘ताकुमी’ म्हणत, आणि इंजिनावर त्या कारागिराच्या नावाची पट्टी असे. ज्या वस्तूवर कारागिराने आपले नाव घातले, ती उघडून मोडताना हात थोडा थबकला पाहिजे की नको? सचिनच्या जीटी-आरला मिळाले ते बाहेरचे कवच, म्हणून ती गोष्ट मला खटकत नाही. कवच उतरवता येते. इंजिनाला हात घातला असता तर माझे मत वेगळे असते.

परंतु ‘मूळ, मूळ’ म्हणून जप करणाऱ्यांनाही काही प्रश्न विचारले पाहिजेत. मूळ म्हणजे नेमके काय? १९३० च्या दशकात रोल्स-रॉईस कंपनी पुष्कळदा फक्त चाकांवरचा सांगाडा आणि इंजिन देत असे. वरचे अंग दुसरेच कारागीर गिऱ्हाइकाच्या फर्माईशीप्रमाणे घडवत. आपल्या संस्थानिकांच्या कितीतरी गाड्या अशाच घडल्या. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची १९३६ सालची भगव्या रंगाची मेबॅक आजही निघते आणि लोक ती पाहण्यासाठी दुतर्फा उभे राहतात. ज्या गाड्या पहिल्या दिवसापासून मालकाच्या लहरीने घडल्या त्यांना आज आपण ‘मूळ’ म्हणून नमस्कार करतो. म्हणजे कालची हौस ही आजचा वारसा झाली. मग आजच्या हौसेला सरसकट मोडतोड का म्हणावे?

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. ज्या दिलीप छाब्रियांनी दुसऱ्यांच्या गाड्या बदलून नाव मिळवले, त्यांनीच २०१२ साली दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ‘अवंती’ ही स्पोर्ट्स कार मांडली. तिचे इंजिन रेनॉचे. बाकी रूप त्यांचे. दुसऱ्यांच्या गाड्या फेरफारायला शिकलेला हात स्वतःची गाडी घडवू लागला. बदलाची परंपरा नसती तर ही अवंती जन्मलीच नसती. तसेच मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर अनेक वर्षे मोटारींच्या शर्यती होत, आणि तिथे पळणाऱ्या साध्या फियाट गाड्या खूप बदललेल्या असत. परदेशी गाड्या आणायला परवानगी नव्हती त्या काळात आपल्या लोकांनी इंजिन ओळखले ते अशा उघडझाकीतून. जो उघडतो तोच शिकतो.

तिसरे उदाहरण गोव्याचे. १९९८ साली सॅन मोटर्सने गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनांची, छत उघडणारी छोटी गाडी काढली. अंग फायबरचे, इंजिन रेनॉचे १.२ लिटरचे. थोड्याच गाड्या बनल्या. आता ज्यांच्याकडे ती असेल त्यांनी काय करावे? मूळ सुटा भाग दुकानात मिळणार नाही. मूळपणाचा हट्ट धरला तर गाडी शेडमध्ये धूळ खात उभी राहील. दुसऱ्या गाडीचा भाग जुळवून घेतला तर ती रस्त्यावर येईल, वाऱ्यात छत उघडील, लोकांना दिसेल. गाडी पळण्यासाठी जन्मते. उभी राहून मूळ राहण्यापेक्षा थोडी बदलून चालती राहणे मी तिच्या बाजूने अधिक प्रामाणिक समजते.

मग या दोन टोकांच्या मधोमध वाट कोणती? ती शोधायला मला फार लांब जावे लागत नाही. आपल्या अंबडची पुष्करणी बारव सर्वांनी पाहिलेली आहे. अहिल्यादेवी होळकरांच्या नावाशी ती जोडलेली आहे. अशी बारव जुनी झाली म्हणजे तिच्यासाठी दोन प्रकारची माणसे पुढे येतात. पहिला गाळ उपसतो, निखळलेला दगड जागच्या जागी बसवतो, फुटलेल्या पायरीला त्याच जातीचा दगड शोधतो. दुसरा तिला टाइल्स बसवतो आणि दगडी मूर्तीवर ऑइलपेंट फासतो. दोघेही तिला ‘जीर्णोद्धार’च म्हणतात! पण पहिल्याने केलेले काम उद्या कुणाला पटले नाही तर काढून टाकता येते. दुसऱ्याचा रंग दगडाच्या छिद्रांत जाऊन बसतो. महाराष्ट्रात कितीतरी जुन्या मंदिरांत तो रंग खरवडण्यासाठी आता पुन्हा खर्च करावा लागतो आहे. बदल वाईट नसतो; परत फिरता न येणारा बदल वाईट असतो.

जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिवा’ने, २०१२ साली ट्यूरिनची सनद मान्य केली, तिचा रोख साधारण हाच आहे. जुन्या वास्तूंसाठी १९६४ साली व्हेनिसची सनद झाली होती. तिचाच विचार या सनदेने मोटारींना लावला. जपणूक, डागडुजी आणि पुनर्रचना या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जितका कमी हस्तक्षेप तितका चांगला. नंतर केलेले काम ओळखू आले पाहिजे आणि त्याची नोंद राहिली पाहिजे. युरोपातल्या विद्वानांनी कागदावर मांडलेले हे शहाणपण आपल्या दगडफोड्याला हातातून ठाऊक असते, एवढीच त्यात भर घालते.

आता कायद्याकडे वळू; कारण हौस कितीही गोड असली तरी रस्ता सरकारचा असतो. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते, की गाडीच्या नोंदणीतला तपशील निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार मालकाने करू नये. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. सी. एन. जी. किट रीतसर मंजुरीने बसवता येते. रंग बदलला तर त्याची नोंद करून घ्यावी लागते. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी जुळवून घेण्याची सोयही कायद्यात आहे. उलट २०२१ साली जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम आले. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आहे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी रोजच्या कामासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती वगैरेंसाठीच रस्त्यावर आणता येते. थोडक्यात, कायद्याचा कल मूळ रूपाकडे आहे.

मला हा कायदा मान्य आहे. पण त्याची नजर सगळीकडे सारखी पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. दोन्ही पायांनी अधू असलेला माणूस स्कूटरला मागे दोन जादा चाके लावून दुकान चालवायला जातो. ही दोन चाके म्हणजे कुणाची हौस नव्हे. ते त्याचे पाय आहेत. पण मंजुरीचा कागद कुठून घ्यायचा, अर्ज कसा भरायचा हे त्याला कुणी सांगितलेले नसते, आणि जिल्ह्याच्या गावी दोन हेलपाटे मारायचे तर दोन दिवसांचा धंदा बुडतो. दुसरीकडे मोठ्या शहरातला धनिक आपल्या गाडीला परदेशी किट बसवतो. त्याच्याकडे वकील असतो, सल्लागार असतो, गाडी ट्रेलरवर नेण्याची ऐपत असते. कलम एकच असते. पण ते एकाला काट्यासारखे टोचते आणि दुसऱ्याला गादीखालच्या वाटाण्याएवढेही जाणवत नाही.

आणि आता आपल्या दारातली गोष्ट. आपल्या गावात बुलेटचा मूळ सायलेन्सर काढून फटाके फोडणारा सायलेन्सर बसवण्याची हौस काही मित्रांना आहे. त्यांची बाजू मी ऐकली आहे. ते म्हणतात, ‘पैसा आमचा, गाडी आमची, तुमचे काय गेले?’ गेले ते सांगते. नवरात्रात मत्स्योदरी देवीच्या गडाच्या पायथ्याशी गर्दीत लहान लेकरू कडेवर घेऊन चाललेल्या बाईच्या कानाशी तो फटाका फुटतो, तेव्हा ते लेकरू दचकते आणि रात्रभर किरकिरते. परीक्षेच्या दिवसांत पत्र्याच्या खोलीत दिव्याखाली वाचत बसलेल्या मुलीची ओळ तुटते. गाडी तुमची, सायलेन्सर तुमचा. पण आवाज तुमच्याजवळ राहत नाही, तो आमच्या घरात येतो. सायलेन्सरचे कामच मुळी मालकाचा आणि शेजाऱ्याचा सलोखा राखणे हे आहे. तो काढला की आधी तो सलोखा तुटतो.

हे लिहिताना मला एक गोष्ट लपवायची नाही. गॅरेजच्या धंद्यात अशा कामाचे पैसे ब्रेक बसवण्यापेक्षा सोपे आणि रोख मिळतात. ब्रेकचे काम करणाऱ्याशी गिऱ्हाईक दहा रुपयांसाठी घासाघीस करते. सायलेन्सर बदलणाऱ्याला हसत हसत वर दोनशे देते. गावोगावच्या मिस्त्रींच्या घरात त्या पैशाचे मीठ शिजते, आमचे घर त्याला अपवाद नाही, आणि माझी वह्यापुस्तके त्याच चुलीवरच्या भाकरीच्या बळावर आली आहेत. म्हणूनच मला वाटते, हे बोलण्याचा हक्क मला इतरांपेक्षा थोडा जास्तच आहे. मिस्त्रीला दोष देऊन सुटका होत नाही. त्याला चांगल्या कामाची किंमत मिळाली तर तो वाईट काम परत पाठवील. गिऱ्हाइकाने हौसेला जेवढा पैसा सोडला तेवढा ब्रेकला सोडावा, एवढे झाले तरी पुष्कळ आहे.

येथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, ‘मौल्यवान गाडी मूळ ठेवा आणि साधी गाडी हवी तशी बदला, असेच ना?’ नाही. इथेच एक फसगत आहे. साधी गाडी कायमच साधी राहत नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत ती एवढी भरली होती, की कुणाला तिचे कौतुक नव्हते. ज्याला जसे वाटले तसे त्याने तिचे इंजिन, डॅशबोर्ड, बैठक, दिवे बदलले. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. तेव्हा टॅक्सीचालकांच्या संघटनेला मागणी करावी लागली, की निदान एक तरी पद्मिनी जपून ठेवा. हजारोंनी होती तेव्हा एक राखावी असे कुणाच्या मनात आले नाही. दुर्मीळ होईपर्यंत आपण वस्तूला वस्तूच समजतो. दुर्मीळ झाली की वारसा म्हणतो, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

आपल्या जालना जिल्ह्याला हे अधिक चांगले कळायला हवे. जालन्याच्या भट्ट्यांत देशभरातले भंगार येते, वितळते आणि त्याच्या सळया होतात. त्या सळया आपल्या घरांच्या स्लॅबमध्ये आहेत. भट्टी कुणाची गाडी मूळ होती आणि कुणाची बदललेली हे विचारत नाही. मला भट्टीविषयी तक्रार नाही. तिच्यावर हजारो घरे चालतात. पण शंभरांतली एक गाडी तिच्यापासून वाचवली पाहिजे, आणि ती एक कोणती हे वेळीच ओळखले पाहिजे.

म्हणून ज्याच्या हातात किल्ली आहे, मग ती फेरारीची असो वा आपल्या गावातल्या बुलेटची, त्याने पाना उचलण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला : अशा किती उरल्या आहेत? थोड्या उरल्या असतील, किंवा ही एखाद्या घटनेची साक्षीदार असेल, तर तिला चालती ठेवण्यापुरताच हात लावावा. दुसरा : मी करतो ते उद्या परत फिरवता येईल का? येत असेल तर काढलेला मूळ भाग तेलाचा हात फिरवून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवावा; भंगारवाल्याला देऊ नये. काय बदलले, कधी बदलले हे एका वहीत लिहून ठेवावे. तिसरा : याचा त्रास माझ्याखेरीज कुणाला होणार आहे? होणार असेल तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे काहीही असोत, ते काम करू नये. उलट ज्या बदलाने गाडी अधिक नीट थांबते, अधिक नीट दिसते, बसणारा अधिक सुरक्षित राहतो, तो रीतसर परवानगीने अवश्य करावा. जुन्या गाडीला सीटबेल्ट लावल्याने तिचा अपमान होत नाही.

या तीन प्रश्नांनी सचिनच्या तिन्ही गाड्या तपासून पाहा. जीटी-आर आणि आय-८ या कारखान्यातून पुष्कळ निघालेल्या गाड्या, आणि बदल बाह्यांगाचा. तेथे हौसेला मोकळीक. फेरारी ३६० जगात हजारोंनी असतील, पण २९ व्या शतकाची फेरारी एकच आहे. तिचा मालक आज कुणीही असो, तो तिचा मालक कमी आणि राखणदार अधिक आहे.

सरकारकडेही एक मागणे आहे. बदल तपासून त्यावर शिक्का देणारी सोय तालुक्याच्या गावी महिन्यातून एक दिवस तरी यावी. जादा चाकांच्या स्कूटरवाल्याला आणि प्रामाणिक मिस्त्रीला त्या दिवशी कागद मिळावा. कायदा मोडणाऱ्याला पकडणे जितके सोपे झाले आहे, तितकेच कायदा पाळणाऱ्याला पाळणे सोपे व्हावे. आज कायदा पाळायचा तर गाडीभाडे पडते आणि मोडायचा तर पडत नाही. अशाने कायद्याचा धाक राहतो, आदर राहत नाही.

आणि मित्रहो, शेवटी तुम्हाला. आपण पदवी घेऊ, नोकऱ्या लागतील, कुणाच्या दारात उद्या चारचाकी येईल, कुणी सांगावे, कुणाच्या दारात स्पोर्ट्स कारही येईल. आपल्यापैकी अनेकांच्या घरात ती पहिलीच गाडी असेल. पहिली गाडी ‘आपली’ करून घेण्याची ओढ किती असते ते मी गॅरेजमध्ये रोज पाहते : मागच्या काचेवर आईवडिलांचे नाव, आरशाला लिंबूमिरची, हँडलला गोंडा. हे बदल कायद्याला आणि कंपनीला कदाचित दिसणारही नाहीत, पण त्या घराला दिसतात, आणि कुणाची झोपही मोडत नाहीत. गाडी आपली करायला एवढे पुरते. त्यापुढे पाना उचलायचाच असेल तर मिस्त्रीला आधी ब्रेक पाहायला सांगा.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष